जिथे मगरिब होत नाही

घुग्घुसला परत आल्यापासून एकच प्रश्न आमच्या वाट्याला आला. शाळेच्या स्टाफरूममध्ये, मशिदीच्या वजूखान्यात, एवढेच काय, एका निकाहच्या दस्तरखानावरही. "सर, उमऱ्याला गेला असता तर समजलं असतं. बर्फात कशाला गेलात?"

प्रश्न रास्त आहे. अल्हम्दुलिल्लाह, आम्हा दोघांचा उमरा काही वर्षांपूर्वी झाला आहे. तरीही हौस म्हणून लाखो रुपये खर्चून उत्तर ध्रुवाजवळ जावे, अशी आमची ऐपतही नाही आणि स्वभावही नाही. आम्ही गेलो ते आपाच्या मुलासाठी. पण गेलोच आहोत तर जे शिकलो ते वाचकांना सांगावे, कारण आता आपल्या घरांतली मुले-मुली शिकायला, नोकरीला कुठे कुठे पोहोचतात याचा नेम नाही. उद्या तुमच्याही घरातून कोणी तिकडे गेले तर हा लेख कापून ठेवलेला बरा.

कारण काय घडले

आमचा भाचा भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी. नागपूरला पदवी घेऊन पुढच्या शिक्षणासाठी नॉर्वेला गेला. तिथून जानेवारी २०२४ मध्ये एका सत्रासाठी स्वालबार्ड या बेटसमूहावर गेला. तिथल्या लाँगइयरब्येन गावात विद्यापीठीय केंद्र आहे आणि बर्फ, खडक, हिमनद्या यांचा अभ्यास करायला देशोदेशीचे विद्यार्थी येतात. घुग्घुस साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. लाँगइयरब्येन ७८ अंशांवर. तिथून उत्तर ध्रुव १३०० किलोमीटर.

तो पोहोचला तेव्हा तिथे सूर्यच नव्हता. ऑक्टोबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य तिथे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येत नाही. गाव डोंगरांच्या कुशीत असल्याने तिथे ऊन पडायला ८ मार्च उजाडतो. त्या दिवशी सारे गाव जुन्या दवाखान्याच्या पायऱ्यांपाशी जमून सूर्याचे स्वागत करते.

फेब्रुवारीत आपाला फोनवर मुलाचा आवाज ओळखू येईना. झोप येत नाही म्हणायचा, नाहीतर दिवसभर झोपलेला असायचा. एकदा बोलता बोलता सांगून गेला, "अम्मी, इथे फजर नाही, मगरिब नाही. किती वाजता काय पढायचं, कळत नाही. दोन महिने झाले, सुटलंच आहे सगळं." आपा फोन ठेवून रडली. दूल्हाभाई काही बोलले नाहीत. ते कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. छातीच्या त्रासामुळे घरचा जिना चढतानाही मध्ये थांबतात. विमानाने तिकडे जाणे त्यांच्या नशिबात नव्हते. रात्री त्यांनी आम्हाला बोलावले आणि म्हणाले, "शाळेला सुट्टी लागली की तुम्ही दोघं जाऊन या. अर्धं तिकीट माझं."

कागदपत्रे : इथे चूक परवडत नाही

स्वालबार्डला जायला व्हिसा लागत नाही, असे कोणी सांगितले तर ते अर्धे खरे आहे. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये झालेल्या करारानुसार या बेटांवर नॉर्वेची सत्ता मान्य झाली, पण करारातल्या देशांच्या नागरिकांना तिथे राहण्याची, उद्योग करण्याची मोकळीक मिळाली. ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून आपला देशही त्यात आला. आजही काम आणि राहायला जागा असेल तर माणूस तिथे राहू शकतो. थायलंड आणि फिलिपिन्सची कितीतरी कुटुंबे तिथे आहेत.

अडचण अशी की स्वालबार्डला जाणारे नेहमीचे विमान नॉर्वेतून जाते, आणि नॉर्वेसाठी शेंगेन व्हिसा लागतो. स्वालबार्ड मात्र शेंगेन क्षेत्राच्या बाहेर आहे. म्हणजे ओस्लोहून तिकडे निघालात की तुमची बाहेर पडल्याची नोंद होते आणि परत येताना तुम्ही पुन्हा नव्याने आत शिरता. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीची वाट बंद. म्हणून अर्ज करतानाच दोनदा किंवा अनेकदा प्रवेशाचा व्हिसा मागा आणि हातात पडल्यावर तो रकाना डोळ्यांनी तपासा. ही एक गोष्ट सोडून बाकी सारा लेख विसरलात तरी चालेल.

प्रवास विमा कमीत कमी ३०,००० युरोंचा लागतो. स्वालबार्डसाठी तो मनापासून घ्या. तिथला दवाखाना छोटा आहे. गंभीर रुग्णाला विमानाने ट्रॉम्सोला न्यावे लागते. नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा. आमच्यासारखे शिक्षक असाल तर परदेशप्रवासाची परवानगी आधीच लेखी घ्या. १९ एप्रिलला चंद्रपूरचे मतदान होते, आमची निवडणूक ड्यूटी लागलेली. ती आटोपल्यावरच कागदपत्रांची धावपळ सुरू झाली आणि दिवस अपुरे पडले. तुम्ही किमान तीन महिने हाताशी ठेवा.

कधी जावे, काय न्यावे

मार्च-एप्रिलमध्ये बर्फ आणि ऊन दोन्ही मिळते, पण थंडी उणे १५-२० अंशांपर्यंत जाते. जून ते ऑगस्ट हा आपल्यासारख्यांचा मोसम : पारा शून्याच्या थोडा वर, आणि २० एप्रिलच्या सुमारास उगवलेला सूर्य ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मावळतच नाही. विदर्भातल्या शाळांना जूनअखेरपर्यंत सुट्टी असते, हे आमच्या पथ्यावर पडले. नवतपा संपला आणि आम्ही नागपूरची वाट धरली. गाडीची काच हाताला भाजत होती आणि डिक्कीत लोकरीचे मोजे होते.

गरम कपडे मे महिन्यात चंद्रपुरात शोधू नका, मिळणार नाहीत. आम्ही फेब्रुवारीत, तिबेटी लोकांची स्वेटरची दुकाने उठायच्या आत खरेदी केली होती. नियम सोपा : एक जाड कपडा नको, तीन थर हवेत. अंगाला लागून लोकर किंवा थर्मल, त्यावर स्वेटर, सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारे जाकीट. सुती बनियन घामाने ओले झाले की वाळत नाही आणि गारठवते. बूट एक नंबर मोठे घ्या म्हणजे आत दोन मोजे मावतात.

आमच्या बेगमने भगिनींसाठी दोन गोष्टी आवर्जून लिहायला सांगितल्या आहेत. बुरख्याचा लांब घेर वितळत्या बर्फात भिजतो आणि जड होतो. त्याऐवजी घोट्याच्या वर राहील असा सैल लांब कोट आणि आतून लोकरीची विजार घ्यावी. ओढणीच्या आत कान झाकणारी लोकरीची टोपी घातली की पडदाही राहतो आणि ऊबही. शिवाय खोबरेल तेलाची बाटली न्यावी. तिथली हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात.

डोळ्यांवर बांधायची पट्टी विसरू नका. बारा वाजता रात्री ऊन खिडकीतून उशीवर येते. काळा चष्मा हवा, बर्फावरून उन्हाची तिरीप फार लागते. थंडीत मोबाइलची बॅटरी भराभर उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात ठेवावा. रोख पैसे कमी आणि कार्ड जास्त न्या. रुपयांच्या हिशोबाने तिथे चहासुद्धा घशाखाली उतरत नाही. आम्हा दोघांचा दहा दिवसांचा सारा खर्च चार लाखांच्या वर गेला, तोही बहुतेक जेवणे स्वतः रांधून. कर्ज काढून जाण्यासारखी ही सफर नाही, हे स्पष्ट सांगतो.

खाणे

आपाने कबाब तळून, बांधून तयार ठेवले होते. ते नेता आले नाहीत. युरोपबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नॉर्वेत नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. आपा म्हणाली, "मग काय बर्फ खाणार आहे का तो?" शेवटी मसाले, तूरडाळ, पोहे, खजूर, सुका मेवा आणि बारीक शेवया घेतल्या.

लाँगइयरब्येनमध्ये हलाल मांसाचा भरवसा धरू नका. मासे मात्र उत्तम मिळतात. व्हेल आणि सीलचे मांसही काही ठिकाणी ताटात येते. विचारल्याशिवाय काही मागवू नका. ओस्लोत एक दिवस थांबत असाल तर ग्रोनलांड भागात जा. १९७० च्या सुमारास पाकिस्तानातून आलेली कुटुंबे तिथे रुजली आहेत. हलाल दुकाने आहेत, मशिदी आहेत. इंग्रजी चाचपडत दुकानात शिरलेल्या आम्हाला दुकानदाराने अस्सल पंजाबी वळणाच्या उर्दूत "तशरीफ लाइए" म्हटले, तेव्हा अर्धी थंडी तिथेच गेली. गोठवलेले चिकन आम्ही तिथूनच पुढे नेले.

नमाज, किब्ला, वजू

आता मूळ मुद्दा. सूर्य मावळत नाही तिथे मगरिब कधी? उगवत नाही तिथे फजर कधी?

हा प्रश्न नवा नाही. सन ९२१ मध्ये बगदादच्या खलिफाने व्होल्गा नदीकाठच्या बुल्गारांकडे एक शिष्टमंडळ पाठवले. त्यातल्या इब्न फदलानने लिहून ठेवले आहे की तो बगदादच्याच एका शिंप्याबरोबर तंबूत गप्पा मारत इशाच्या अजानची वाट पाहत होता. अजान झाली, बाहेर येऊन पाहतात तो पहाट फुटलेली. मुअज्जिनला विचारले तर तो म्हणाला, ही फजरची अजान. इशा आम्ही मगरिबबरोबरच पढतो, आणि फजर चुकेल या भीतीने महिनाभर मी झोपलेलो नाही. अकराशे वर्षांपूर्वीचा तो मुअज्जिन आम्हाला फार जवळचा वाटला.

त्याही आधीचा आधार हदीसमध्ये आहे. दज्जालच्या काळात एक दिवस वर्षाएवढा असेल, असे पैगंबर (स.) यांनी सांगितले तेव्हा सहाबांनी विचारले की त्या दिवशी एकाच दिवसाच्या नमाजा पुरतील का. उत्तर मिळाले की नाही, अंदाजाने वेळ ठरवा. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे. याच आधारावर उलेमांनी ध्रुवाजवळच्या प्रदेशासाठी मार्ग काढले : कोणी जवळच्या, जिथे दिवस-रात्र वेगळे होतात अशा शहराचे वेळापत्रक घ्यायला सांगतात, कोणी मक्केचे. निघण्यापूर्वी आपल्या आलिमांना विचारून एक मार्ग ठरवा आणि तोच धरा. तिथे जाऊन रोज नवा मार्ग शोधू नका. माणूस तिथेच घसरतो.

मुक्काम पंधरा दिवसांहून कमी असेल तर आपल्या हनफी घरांत कसर आहेच. कोकणातले शाफई बांधव आपल्या मसलकचे दिवस मोजून कसर करतील आणि दोन नमाजा एकत्रही करू शकतील. किब्ला आपल्याकडे पश्चिमेला. तिथे तो दक्षिणेकडे, किंचित पूर्वेला झुकलेला आहे. पहिल्या दिवशी सवयीने आम्ही पश्चिमेला मुसल्ला अंथरला आणि भाच्याने हात धरून वळवले. वजूसाठी चामड्याचे मोजे, म्हणजे खुफ्फैन, जरूर न्या. पाय धुवून एकदा घातले की प्रवाशाला तीन दिवस-तीन रात्रींपर्यंत त्यांवर मसह करता येतो. त्या थंडीत ही सवलत म्हणजे केवढी रहमत, हे तिथेच कळते.

कोळशाचे गाव

ओस्लोहून तीन तासांत विमान उतरले. आत सामान घ्यायच्या पट्ट्यावरच पेंढा भरलेले पांढरे अस्वल उभे. ती गंमत नाही. गावाची हद्द संपते तिथे अस्वलाचे चित्र असलेली पाटी आहे. त्यापुढे बंदूकधारी वाटाड्याशिवाय पाऊल टाकायचे नाही. अस्वल दिसले तर फोटोसाठी जवळ जाणे गुन्हा आहे. २०२५ पासून किमान ३०० मीटर आणि मार्च ते जून ५०० मीटर अंतर ठेवावे लागते. जमिनीवरचे काही उचलूही नये. १९४६ पूर्वीची माणसाची प्रत्येक खूण, गंजका खिळासुद्धा, संरक्षित आहे.

पण आम्हाला धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. डोंगरावर लाकडी मनोरे, त्यांवरून कोळशाच्या बादल्या वाहून नेणारी जुनी तारवाट, उतारावर काळी माती, खाली एकसारख्या बराकींची रांग. आम्ही एकमेकांकडे पाहिले. आपण घुग्घुसलाच तर आलो नाही ना? १९०६ मध्ये लाँगइयर नावाच्या अमेरिकन उद्योगपतीने हे गाव वसवले तेच मुळी कोळशासाठी. आमचा मुक्काम न्यूबिएन भागात, खाण कामगारांच्या जुन्या बराकीत होता. तिथे आता पाहुणे राहतात. व्हिडिओ कॉलवर दूल्हाभाईंनी ती पाहिली आणि म्हणाले, "अरे, हे तर आपले क्वार्टर!"

दारात शिरताच बूट काढायचे, हा तिथला रिवाज. हॉटेल असो, संग्रहालय असो, बूट बाहेर. खाणीतून येणाऱ्यांनी काळी धूळ घरात आणू नये म्हणून पडलेली ही सवय खाणी बंद झाल्या तरी टिकली. संग्रहालयात मोज्यांवर फिरताना मशिदीत आल्यासारखे वाटत होते.

पाहण्यासारखे काय? तीन नंबरची खाण, जी १९९६ मध्ये बंद झाली, ती वाटाड्याबरोबर पाहता येते. हेल्मेट, टोपीवरचा दिवा, अंगावर कामगारांचा पोशाख. थर इतका कमी उंचीचा की माणसे आडवी पडून, सरपटत कोळसा काढत. त्याच डोंगरात वर जगाची बीजतिजोरी आहे. २६ फेब्रुवारी २००८ रोजी ती सुरू झाली. आत उणे १८ अंशांत देशोदेशीचे बियाणे जपले जाते. आत जाता येत नाही, दार बाहेरूनच पाहायचे. पण हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने ठेवलेली ज्वारी, बाजरी, तूर, हरभऱ्याची वाणे त्या डोंगरात आहेत, हे ऐकून बेगम म्हणाली, "मग आपण उगाच तूरडाळ वाहून आणली." युद्धामुळे सीरियातल्या हलबची बीजपेढी हातची गेली तेव्हा २०१५ मध्ये इथूनच बियाणे परत काढले, लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरले आणि पुढे नवे दाणे इथे आणून ठेवले.

आणखी उत्तरेला न्यू-ऑलेसुंड येथे १ जुलै २००८ पासून आपल्या देशाचे 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे. गोव्यातल्या वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय केंद्र ते चालवते. तेही एके काळचे कोळशाचेच गाव; १९६२ च्या खाणस्फोटात २१ कामगार गेले आणि पुढे नॉर्वेचे सरकारच कोसळले. उन्हाळ्यात बोटीने तिथे जाता येते. बोटीचे भाडे आमच्या आवाक्यात नव्हते. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तिथल्या संवेदनशील उपकरणांमुळे मोबाइलचे वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागते.

भाच्याने गावातली घरे दाखवली. सारी खांबांवर उभी. खालची जमीन कायम गोठलेली असते; घराच्या उबेने ती वितळली तर घर खचेल म्हणून मध्ये हवा खेळती ठेवतात. आता हवामानच तापते आहे, जमीन सैल होते आहे. डिसेंबर २०१५ मध्ये डोंगरावरचा बर्फ घरांवर कोसळून दोघे गेले. आम्हाला आमचा आमराई वॉर्ड आठवला. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथे एक अख्खे घर जुन्या भूमिगत खाणीच्या पोकळीत गेले होते आणि किती कुटुंबांना घर सोडावे लागले होते. पायाखालची जमीन काय असते, हे कोळशाच्या गावातल्या माणसाला कोणी शिकवायला नको.

आम्ही गेलो तेव्हा गावाचे वीजघर कोळशावरून डिझेलवर गेलेले होते आणि एकच, सात नंबरची खाण चालू होती. जून २०२५ अखेर तीही बंद झाली. आपला वरोरा आठवा. तिथेही कोळसा निघायचा, आणि ती खाण बंद पडून शंभर वर्षे उलटली. घुग्घुसची पाळी कधी, हे आम्ही कोणी मोठ्याने बोलत नाही.

घड्याळ

पहिल्या मुक्कामी आम्हाला जाग आली. घड्याळात दोन वाजलेले, भिंतीवर लख्ख ऊन. जोहर जायला आली म्हणून धडपडत उठलो, बेगमला उठवले. शेजारच्या पलंगावरून भाचा म्हणाला, "मामू, रात्रीचे दोन आहेत. फोन चोवीस तासांच्या घड्याळावर लावा, नाहीतर रोज असंच होईल." तो आम्ही आल्यापासून पहिल्यांदाच हसला होता. हीच सूचना वाचकांनाही.

खरे तर आम्ही त्याच्यासाठी एक लांबलचक नसीहत तयार करून आणली होती. वीस वर्षे मुलांना शिकवणाऱ्याला ती सवय लागतेच. पण त्याचा चेहरा पाहून ती तोंडातून निघेना. बॅगेतून दूल्हाभाईंनी दिलेली डबी काढून त्याच्या हातात ठेवली. आत त्यांचे जुने किल्लीचे एचएमटी घड्याळ होते. खाणीत उतरताना मनगटावर असायचे ते. काच चरे पडून धुरकट झालेली.

भाच्याने तिथूनच फोन लावला. घुग्घुसला पहाटेचे साडेपाच. दूल्हाभाई फजर पढून बसलेले. मुलगा म्हणाला, "अब्बा, हे बारा तासांचं आहे. इथे दिवस की रात्र, हेच त्यात कळत नाही."

दूल्हाभाई थोडा वेळ खोकले. मग म्हणाले, "बेटा, खाली खाणीत तरी मला कुठे कळत होतं? अंडरग्राउंडला सूर्य कोणी पाहिलाय? पहिली पाळी असो की रातपाळी, सगळा अंधारच. घड्याळ बघायचो, बाटलीतल्या पाण्यानं वजू करायचो, टोपीवरच्या दिव्याच्या उजेडात जोहर पढायचो. किती तरी वर्षं. तुला कधी सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय होतं?"

इतक्या वर्षांत आम्हीही हे ऐकले नव्हते.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्याने सांगितले की ८ मार्चला त्या पायऱ्यांवर ऊन पडले तेव्हा तो गर्दीत उभा होता, आणि दोन-तीन दिवसांतच रमजान लागला. ओस्लोच्या मशिदीचे वेळापत्रक त्याने मागवून भिंतीला लावले होते. रोजे सगळे झाले. नमाजा मात्र कधी होत्या, कधी नव्हत्या. सुटलेल्यांचा हिशोब त्याने वहीत मांडला होता. कजा पढायला सुरुवात केली होती, पण घरी सांगायची लाज वाटत होती. त्याने वही आम्हाला दाखवली. शिक्षक असूनही आम्ही ती तपासली नाही. मिटून परत दिली.

त्यानंतरचे सगळे दिवस त्या खोलीत आमची तिघांची जमात होत होती. ओस्लोच्या वेळेने मगरिब व्हायची, आणि खिडकीबाहेर ऊन जसेच्या तसे. निघण्याच्या आदल्या दिवशी बेगमने आपाच्या शेवयांचा शीरखुर्मा केला. बकरी ईदला अजून आठवडा होता आणि तेव्हा आम्ही घुग्घुसला असणार होतो. म्हणून त्याची ईद आधीच करून घेतली.

शेवटी

चौदाव्या शतकात इब्न बतूतानेही उत्तरेच्या अंधाराच्या प्रदेशात जाण्याचा विचार केला होता. त्रास फार आणि लाभ थोडा, असे म्हणून त्याने तो सोडून दिला. केवळ पाहायला जाणार असाल तर आमचाही सल्ला तोच : आधी हज, मुलांचे शिक्षण, घरातल्यांचा औषधोपचार, आणि मग उरलेच तर बर्फ.

पण आपले माणूस तिकडे असेल आणि फोनवरचा त्याचा आवाज बदललेला असेल, तर हिशोब मांडत बसू नका. व्हिसा दोनदा प्रवेशाचा घ्या, चामड्याचे मोजे घ्या, तूरडाळ घ्या, आणि जा. पैसा नसेल, तब्येत साथ देत नसेल, तर निदान फोन करा, आणि तुमचे अंधारातले दिवस तुम्ही कसे काढलेत ते त्याला सांगा. आपल्या घरांतली वडील माणसे हे सांगत नाहीत. त्यांना वाटते, त्यात सांगण्यासारखे काय आहे.

भाच्याचे सत्र संपले. तो आता नॉर्वेच्या मुख्य भूमीवर पुढे शिकतो आहे. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. दूल्हाभाईंनी पहिला प्रश्न विचारला, "किल्ली देतोस ना रोज?"

"देतो, अब्बा. फजरनंतर."